दुसरी घंटा

बायकोबरोबर मी शेवटचं काय केलं, तर बेसन भाजलं.

लोकांना वाटतं, नवराबायकोचं शेवटचं काहीतरी मोठं असावं. हातात हात घेतले असतील, दोन शब्द बोलले असतील. आम्ही भांडत होतो. दिवाळीला आठ दिवस होते, रविवारची दुपार होती, आयर्लंडातल्या नावन गावी मुलीच्या घरात मी शेगडीसमोर उभा होतो. बायकोला गुडघ्यांमुळे उभं राहवत नव्हतं. ती खुर्चीवर बसली होती. म्हणजे ढवळणारा हात माझा आणि तोंड तिचं.

"झालं, उतरवा," ती म्हणाली.

"कच्चं आहे अजून."

"करपवाल. चौतीस वर्षं शाळेची घंटा बडवलीत, तुम्हाला रंग काय कळणार?"

"घंटा बडवली म्हणून माझं नाक गेलं काय?"

"नाक आहे हो, अक्कल कुठंय? उतरवा म्हणते ना!"

उतरवलं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात शेवटी उतरवावंच लागतं, हे मला ठाऊक होतं, पण वाद घातल्याशिवाय उतरवणं म्हणजे मिठाशिवाय आमटी.

"गार होऊ दे," ती काठी घेऊन उठली. "मी येते जरा पडून. तोवर पिठाला हात लावू नका."

माझं बोट तेव्हा कढईतच होतं. तिनं पाहिलं, डोळे मोठे केले आणि वर गेली. ती खाली आली नाही. झोपेतच हृदय थांबलं, त्रास झाला नाही, असं डॉक्टर म्हणाले. तिला झाला नसेल.

पुढचे आठ दिवस घरात माणसं येत होती. इथली रीत अशी की शेजारी येतात, तुमचा हात धरतात आणि म्हणतात, 'सॉरी फॉर युअर ट्रबल.' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बायकोलाच ट्रबल म्हणताहेत. मी म्हटलं, "येस, फॉर्टीफोर इयर्स." तो भला माणूस गडबडला. मुलीनं मला स्वयंपाकघरात नेऊन अर्थ सांगितला. मी म्हटलं, अर्थ चुकला असेल, पण आकडा बरोबर होता.

त्या गडबडीत मुलीनं कढईतलं पीठ एका डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवून दिलं. मी त्याला हात लावला नाही. हुकूम होता. ती 'येते' म्हणून गेली होती.

आता मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी चौथी पास. पाचवीत तीनदा नापास झालो. तिसऱ्या वेळी गुरुजी म्हणाले, हा काही शाळा सोडत नाही, आणि पाचवी काही याला सोडत नाही. मोठा झालो तसं त्याच गावात हायस्कूल निघालं आणि मी तिथं शिपाई लागलो. किल्ल्या माझ्याकडे, हजेरीबुकं वर्गावर्गात न्यायची माझ्याकडे, आणि घंटा माझ्याकडे. बायको त्याच शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. गुरुजींना पोरांचे मार्क माहीत असायचे, आम्हा दोघांना पोरं माहीत असायची.

शाळेत दोन घंटा असतात. पहिली झाली की घरातून निघायचं. दुसरी झाली की प्रार्थना सुरू आणि फाटक बंद, मग उशिरा आलेला बाहेर उन्हात. मी व्हरांड्यातून रस्त्याकडे बघायचो. लांबून एखादं पोर पाठीवर दप्तर आपटत धावत येताना दिसलं, की दुसरी घंटा मी धरून ठेवायचो. हेडमास्तर विचारायचे, "काय रे, घड्याळ मागं पडलंय का?" मी म्हणायचो, "होय सर, जुनं झालंय." चौतीस वर्षं ते घड्याळ मागंच होतं.

माझी मुलगी मात्र शिकली. इतकी शिकली की आता इथल्या कॉलेजात मातीचं शास्त्र शिकवते. आम्ही हिला मातीतच वाढवली, तरी मातीबद्दल कळायला आयर्लंडपर्यंत यावं लागलं. तिच्या युनिव्हर्सिटीचं मला सुरुवातीला काही समजेना. युनिव्हर्सिटी एक, पण तिच्या पोटात कॉलेजं निराळी, प्रत्येकाचं अंगण वेगळं, फाटक वेगळं. बायकोला मात्र लगेच समजलं. "एकत्र कुटुंब, चुली वेगळ्या," ती म्हणाली आणि पोळ्या लाटायला लागली.

मुलीचं आणखी एक काम आहे, त्याला ट्यूटर म्हणतात. मी आपला गावभर सांगून बसलो की पोरगी शिकवण्या घेते. तसं नाही. इथल्या ट्यूटरनं शिकवायचं नसतं, सांभाळायचं असतं. कॉलेजातली काही पोरं तिच्या नावावर लावून दिलेली असतात. कुणी आजारी पडलं, कुणाचं घरी बिनसलं, कुणी नापास झालं, की त्यानं तिच्या खोलीत यायचं. आणि ती पोरं मुद्दाम दुसऱ्या विषयाची असतात. ज्याच्या हातात मार्क, त्याच्यासमोर रडता येत नाही म्हणून. हा नियम ज्यानं केला तो कधीतरी शिपाई असणार.

तर अशा पोरांसाठी मुलीच्या खोलीत बायको लाडवांचा डबा पाठवायची. पत्र्याचा, निळा, झाकण जरा चेपलेलं. तूपही ती घरी कढवायची आणि इथल्या गाईंचं कौतुक करायची, "गवतात लोळतात मेल्या, मग लोणी असंच व्हायचं." डबा रिकामा झाला की मुलगी परत आणायची, बायको भरून द्यायची. त्या रविवारचं बेसन त्याच डब्यासाठी होतं.

बायको गेल्यावर मुलगी मला घरी एकटं ठेवेना. जावई डंडॉकला नोकरीला, तो सकाळीच गाडी घेऊन जायचा. मग मंगळवारी आणि गुरुवारी ती मला बसनं आपल्याबरोबर कॉलेजात न्यायला लागली. तिच्या खिडकीखाली कॉलेजच्या आतल्या चौकात एक बाक आहे, त्यावर मला बसवायची आणि सांगायची, "बाबा, इथंच बसा. आणि कुणाशी काही करू नका."

माझ्या अंगावर तपकिरी कोट असायचा, कोपरांवर चामड्याची ठिगळं लावलेला. जुन्या कपड्यांच्या दुकानातून तो बायकोनंच निवडला होता. घातला तेव्हा मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "अगदी प्राध्यापक दिसता. तोंड उघडू नका म्हणजे झालं."

फाटकावर एक पोर्टर बसतो. नाव पोर्टर, पण सामान उचलत नाही, किल्ल्या सांभाळतो. माझ्याच धंद्यातला. पहिल्या दिवशी त्याच्या कमरेचा जुडगा बघून मी माझ्या कमरेवर हात मारला, त्याला लगेच समजलं. त्याच्या खोलीत फळीवर पितळेची एक हातघंटा आहे, संध्याकाळी वाचनालय बंद करायच्या वेळी वाजवायची. मी ती उचलायला गेलो तर त्यानं बोट हलवलं. "नॉट फॉर रिटायर्ड मेन," म्हणाला. मी म्हटलं, बघू.

इंग्रजी मला तेवढं येतं, जेवढं पाचवीच्या वर्गाबाहेर उभं राहून ऐकू येतं. पोर्टरनं त्यात एका शब्दाची भर घातली. ग्रँड. इथं पाऊस पडला तरी ग्रँड, थांबला तरी ग्रँड, चहा हवा तरी ग्रँड आणि नको तरी ग्रँड. पोर्टरनं मला खाणाखुणा करून शिकवलं. तोंडाकडे बघून ग्रँड म्हटलं, तर ठीक आहे. बुटांकडे बघून म्हटलं, तर ठीक नाही. आणि बुटांकडे बघून तीनदा म्हटलं, तर कुणालातरी बोलाव.

बाकावर बसून मी कुणाशी काही करत नव्हतो. लोकच करायला लागले. एका मंगळवारी तांबड्या दाढीचा एक उंच पोरगा शेजारी बसला. माझे पांढरे केस बघितले, कोट बघितला आणि बोलायलाच लागला. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. तो थांबला की मी म्हणायचो, "व्हाय?" की तो आणखी बोलायचा. शेवटी एकदम गप्प झाला, आभाळाकडे बघितलं, म्हणून मी म्हटलं, "ग्रँड." त्यानं माझा हात दाबून धरला आणि गेला. पुढच्या आठवड्यात त्यानं मला आभाराचं कार्ड आणून दिलं, वर बदकाचं चित्र.

ते कार्ड मुलीच्या हाती पडलं.

"बाबा, त्याला काय सांगितलंत तुम्ही?"

"व्हाय म्हटलं."

"आणि?"

"ग्रँड म्हटलं."

"एवढंच?"

"तू जास्त सांगतेस, म्हणून तुझ्या खोलीतून रडत बाहेर पडतात."

आई गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली. मग ट्यूटर झाली. "हे पुन्हा करायचं नाही हं. इथं त्यासाठी शिकलेली माणसं आहेत. आणि कुणी काही सांगितलं तर ते बाहेर काढायचं नाही, मलासुद्धा सांगायचं नाही. तो नियमच आहे."

"तू मला काही सांगत नाहीस ते याच नियमामुळे?"

"हो. तेच."

"आपल्या शाळेत हेडमास्तरांच्या आधी मला कळायचं."

"ही आपली शाळा नाही, बाबा."

त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी बसमध्ये तिला फोन आला. ती दबक्या आवाजात बोलत होती, पण बसमध्ये दबका आवाज जास्त ऐकू येतो. निम्मं इंग्रजी मला समजत नाही, पण हजेरीबुकं वाहून नेलेल्या माणसाला नाव कापल्याचं कुठल्याही भाषेत कळतं. तिच्या नावावरचा कुणी एक विद्यार्थी बरेच दिवस वर्गात येत नव्हता. मुदत वाढवून मिळायचा अर्ज तयार होता, त्यावर त्याची सही हवी होती, शुक्रवारी दुपारी बाराच्या आत. नाहीतर पटावरून नाव जाणार, आणि नाव गेलं की व्हिसाही जाणार.

फोन ठेवून ती खिडकीबाहेर बघत बसली. "प्रत्येक मेलला एकच उत्तर येतं, बाबा," ती म्हणाली, मग नियम आठवून गप्प झाली.

"काय उत्तर?"

"काही नाही."

"ग्रँड?"

तिनं माझ्याकडे चमकून बघितलं. मी पुढच्या सीटकडे बघितलं.

त्याच दिवशी दुपारी मी बाकावर बसलो आणि बाक पुन्हा ओला निघाला. "आयला, बूड भिजलं की!" मी मोठ्यानं म्हटलं. इथं हा एक फायदा आहे, काहीही बोला. पण मागून कुणीतरी फस्सकन हसलं. बघतो तर काळ्या जाकिटातली एक पोरगी, डोक्यावर टोपी, वय तेवीस-चोवीस. डोळ्यांखाली काळं.

"मराठी?" मी विचारलं.

"नागपूर," ती म्हणाली. "तुम्ही मॅडमचे बाबा ना?"

"छे. मी इथला प्रोफेसर."

"कशाचे?"

"घंटा."

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, मग तोंडावर हात ठेवून हसायला लागली. "घंटा प्रोफेसर?"

"हसतेस काय? चौतीस वर्षं होतो. पितळेची होती."

ती बाकाच्या कोरड्या टोकाला बसली. मग वरच्या खिडकीकडे बघून म्हणाली, "आजोबा, तो निळा डबा आता नसतो ना वर?"

"तुला गं काय माहीत?"

"सप्टेंबरमध्ये मी दर आठवड्याला यायची. मॅडमना वाटायचं, फॉर्मचं काही विचारायला येते. मी लाडवासाठी यायची. तो खाईपर्यंत मॅडम काहीबाही विचारायच्या, मग मी पण सांगून टाकायची. मग एकदा आले तर डब्याच्या जागी बिस्किटं होती."

"मग?"

"बिस्किटासाठी कोण येतं, आजोबा?"

मी वर बघितलं. मुलीच्या खोलीत भिंतभर पुस्तकं आहेत, कागदी रुमालांचा खोका आहे, अवघड प्रसंगी कुणाला फोन करायचा त्याची पाटी आहे. आणि खरं दुकान माझी बायको चालवत होती, नावनमधून.

"बाकी काय? अभ्यास?"

"ग्रँड."

"तब्येत?"

"ग्रँड."

"घरचे?"

"ग्रँड." तिन्ही वेळा ती बुटांकडे बघत होती.

मी काही बोलायच्या आत ती उठली, टोपी सारखी केली आणि म्हणाली, "चला, जाते आजोबा."

माझे कान उभे राहिले. आमच्यात कुणी जाते म्हणत नाही. बांगडी फुटली तर वाढली म्हणतात, दिवा विझला तर शांत झाला म्हणतात, आणि घरातून निघणारा मग तो कोपऱ्यावर निघो की काशीला, येतो म्हणून निघतो. नागपुरातही तेच. मुंबईची पोरं म्हणे हल्ली 'बाय' म्हणतात, पण जाते कुणी म्हणत नाही.

"जाते नाही गं. येते म्हणावं."

"नाही आजोबा. जातेच."

इथं माझी शाळा कामाला आली. पळून जाणाऱ्या पोराला 'कुठं चाललास' विचारलं तर ते खोटं बोलतं. 'कधी' विचारलं तर खरं निसटतं.

"कधी?"

"शनिवारी, दुपारच्या विमा—" तिनं तोंडावर हात ठेवला. "मॅडमना सांगू नका ना, प्लीज."

"नाही सांगणार. नियम आहे. बस."

ती बसली, ओल्या बाजूलाच. आणि सांगितलं. बालवाडीपासून तिचा पहिला नंबर कधी सुटला नव्हता. इथं आली तर एका सरांचे उच्चारच कळेनात, विचारायची लाज वाटली, विचारलं नाही. जानेवारीत पहिल्या निबंधाचे मार्क आले. नापास. आयुष्यात पहिल्यांदा. तेव्हापासून ती मेल उघडत नव्हती. वरचे दोन शब्द बघायची आणि 'ग्रँड, थँक्स' लिहून पाठवायची. घरी सांगणार होती की कोर्सच भिकार निघाला.

"एका निबंधात?" मी म्हटलं. "मी अख्ख्या पाचवीत तीनदा नापास. या विषयातली डॉक्टरेट म्हण."

"तुमचं वेगळं होतं, आजोबा."

"हो. मला मॅडम नव्हत्या."

ती नाक पुसत हसली. मग विचारलं, "मॅडम म्हणाल्या, लाडू करणाऱ्या आजी गेल्या. शेवटी काय बोलल्या त्या?"

ती गेल्यापासून चार महिन्यांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. सगळे ट्रबलबद्दल सॉरी म्हणत होते.

"येते जरा पडून, म्हणाली. पिठाला हात लावू नका, म्हणाली. ते पीठ फ्रीझरमध्ये आहे."

"अजून?"

"अजून."

"म्हणजे लाडू वळलेच नाहीत?"

"हुकूम होता."

तिनं टोपी मागं सारली. मग म्हणाली, "मग माझ्यात नि तुमच्यात काय फरक? मी मेल उघडत नाही, तुम्ही डबा."

असं उलट बोलणारी एकच बाई मला माहीत होती. चौकातून एक कुत्रा मालकाला ओढत निघून गेला.

"बरं," मी म्हटलं. "मी डबा उघडतो. तू मेल उघड. उद्या, बाराच्या आत. वर खोलीत, मॅडमसमोर."

"आणि नाहीच जमलं तर?"

"तर शनिवारी विमान आहेच. लाडू विमानात चालतात."

"बघते."

"बघते म्हणजे?"

"बघते म्हणजे बघते, आजोबा. काऊन मागे लागता?"

आणि निघाली. जाते म्हणाली नाही आणि येतेही म्हणाली नाही. फाटकाशी पोर्टरनं तिला काहीतरी विचारलं, ती बुटांकडे बघून काहीतरी म्हणाली. पोर्टरनं लांबून माझ्याकडे बघितलं.

परतीच्या बसमध्ये मुलगी दोनदा फोन उघडून बंद करत होती. माझ्या पोटात सगळं होतं आणि तोंडाला कुलूप. आपल्या शाळेत हेडमास्तरांच्या आधी कळायचं, ते मी लगेच जाऊन सांगायचो, म्हणून सोपं होतं. न सांगणं हे मुलीचं काम किती अवघड आहे, ते मला नावन येईपर्यंत समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फ्रीझर उघडला. पीठ दगड झालं होतं. कढईत घालून मंद आचेवर मोकळं केलं आणि तेव्हा रंग नीट बघितला. बरोबर होता. मी म्हणत होतो तसं आणखी ठेवलं असतं, तर करपलंच असतं. हे कबूल करायला समोर कुणी नव्हतं, म्हणून कढईला सांगितलं.

पिठीसाखर बायको घरीच दळायची, इथली विकतची तिला पटत नव्हती. ती बरणी प्रेसमध्ये होती. इथं कपाटाला प्रेस म्हणतात, त्यावरून मी एकदा इस्त्रीसाठी शर्ट त्यात ठेवला होता. साखर घातली, वेलची कुटून घातली, आणि हात घातला. पहिला लाडू फुटला. दुसरा बटाट्यासारखा झाला. तिचे लाडू एकाच साच्यातून पडल्यासारखे असायचे, माझे एकाच आईची पोरं असल्यासारखे, कुणाचं तोंड कुणासारखं नाही.

वासानं मुलगी खाली आली. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहिली. मी मागं वळून बघितलं नाही.

"बाबा, हात धुतलेत?"

"धुतले."

ती आली, हात धुतले, आणि शेजारी उभी राहून वळायला लागली. तिचे जरा गोल होत होते.

"आज एकदम?" तिनं विचारलं.

"सांगता येत नाही. नियम आहे."

सोळा लाडू झाले. निळ्या डब्यात भरून मी तो मांडीवर घेऊन बसमध्ये बसलो. शुक्रवार माझा वार नव्हता, पण तिनं काही विचारलं नाही. तिला तिचाच घोर होता.

अकरापासून मी बाकावर. साडेअकरा झाले. पोर्टर बाहेर आला, डब्याकडे बघितलं, मी त्याला एक लाडू दिला. खाल्ला, डोळे मिटले, म्हणाला, "ग्रँड." तोंडाकडे बघून. पावणेबारा झाले. वर मुलीच्या खिडकीत ती उभी होती, खाली फाटकाकडे बघत. मग आत गेली.

आणि मग मला ती पोरगी दिसली. चौकाच्या पलीकडे कमानीखाली, काळं जाकीट, पाठीला पिशवी. खिडकीकडे बघत होती. एक पाऊल पुढं टाकलं आणि तिथंच थांबली. मग पाठ फिरवली.

चौक मोठा. माझे गुडघे बायकोच्या गुडघ्यांहून बरे, पण धावायचे नाहीत. ओरडावं तर नाव घेता येत नाही. नियम सोडला तरी तिचं नाव मला माहीत नव्हतं; मी विचारलं नव्हतं, तिनं सांगितलं नव्हतं.

मी डबा बाकावर ठेवला आणि पोर्टरच्या खोलीत शिरलो. तो फोनवर होता. मी फळीवरची घंटा उचलली. वजनदार होती, चांगली होती. बाहेर येऊन दोन्ही हातांनी वाजवली. शाळेत वाजवायचो तशी, आधी तीन ठोके सुटे, मग लांब, गाव उठेपर्यंत.

छपरावरचे समुद्रपक्षी सगळे एकदम उडाले. खिडक्या उघडल्या. मागून पोर्टर कुणाला तरी फोनवर म्हणाला, "इट्स युअर मॅन!" इथं युअर मॅन म्हणजे तुमचा माणूस नव्हे, तो बुवा. वरून मुलीनं डोकं बाहेर काढलं, "बाबा! अहो बाबा, काय करताय?"

कमानीखाली ती पोरगी वळली. मला बघितलं, घंटा बघितली, वाकून पोट धरून हसली. आणि मग धावत निघाली. चौकातून सरळ, पाठीवर पिशवी आपटत. बाकापाशी आली, झाकण उघडलं, एक लाडू उचलला, आणि जिन्याच्या दाराशी वळून तोंडभर लाडू घेऊन ओरडली, "आले, आजोबा!"

वर खोलीत काय झालं ते इथं लिहिता येत नाही. नियम आहे.

पोर्टर येऊन शेजारी उभा राहिला आणि घंटेसाठी हात पुढं केला. चौकातल्या घड्याळात बाराला दहा कमी होते. मी घंटेच्या आत बोटं घालून लोलक घट्ट धरला आणि त्याला खुणेनं सांगितलं, थांब. दुसरी वाजायची नाही.